केएमटीच्या गाड्यांची वही कशी ठेवावी

केएमटी म्हणजे कोल्हापूर महापालिकेची शहर बससेवा. तिच्या गाड्या बघून वहीत टिपायच्या, असा हा नाद. पहिल्या दिवशी कॅमेरा घरीच ठेवा. शंभर पानी वही, पेन आणि घड्याळ, एवढं बास. सकाळी आठला छत्रपती शिवाजी महाराज चौकात नाहीतर गंगावेशीत जा आणि तासभर एकाच जागी थांबा. नवखा माणूस एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर पळत सुटतो आणि हाताला काही लागत नाही. एका जागी थांबलं की मघाची गाडी फेरी मारून परत येते. ती परत आली हे ओळखता आलं की नाद लागलाच म्हणून समजा.

वहीत पाच रकाने आखा: वेळ, नंबर, बोर्ड, कुठून आली आणि शेरा. नंबर पूर्ण लिहायचा. कोल्हापूरचा एमएच ०९ सगळ्यांना सारखाच, म्हणून सुरुवातीला मी नुसते शेवटचे चार आकडे टिपायचो. काही महिन्यांनी दोन नोंदी एकमेकींशी जुळेनात, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मधली अक्षरं वेगळी असली की तेच चार आकडे दुसऱ्या गाडीलाही असू शकतात. ती सगळी पानं बाद झाली. पूर्ण नंबराचा आणखी एक फायदा आहे. एकदम घेतलेल्या गाड्यांचे नंबर बऱ्याचदा लागोपाठ असतात. मधला एखादा वहीत नसला की त्या गाडीची वाट बघण्यात आठवडे जातात, आणि ते आठवडे फार छान असतात.

शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. माझी एक नोंद अशी आहे: ‘स. ८.४२, बोर्ड आर. के. नगर. डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या वर, नवा पत्रा. रंग बाकीच्या गाडीपेक्षा ताजा. आरशाला झेंडूची माळ.’ माळ दुसऱ्या दिवशी सुकली असणार. पण तीन आठवड्यांनी त्या पत्र्याच्या तुकड्यावरूनच मी ती गाडी नंबर दिसायच्या आधी ओळखली. असं बघायची सवय लावून घ्या. टाटाची गाडी आणि लेलँडची गाडी थोड्या दिवसांत नुसत्या आवाजावरून कळायला लागते.

मध्यवर्ती बसस्थानकावर गेलात तर एसटीचेही नंबर वाचा. तिथं एमएच १४, २० आणि ४० जास्त दिसतील, कारण एसटीच्या बऱ्याचशा गाड्यांची बांधणी अनुक्रमे पुण्याजवळच्या दापोडी, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा आणि नागपूरच्या हिंगणा इथल्या कार्यशाळांत झालेली असते. लाल परीचं माहेर नंबरावरच लिहिलेलं असतं.

वर्षातले दोन काळ अजिबात चुकवू नका. पहिला नवरात्राचा, कारण तेव्हा दुर्गादर्शनाच्या खास गाड्या सुटतात आणि नेहमीची गाडी वेगळाच बोर्ड लावून समोर येते. दुसरा पुराचा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. बावडा-शिये रस्त्यावर पाणी येतं, गाड्या अलीकडूनच वळतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. अशा दिवशी कुठली गाडी कुठून वळली, हे पाण्यापासून लांब, सुरक्षित जागी उभं राहून लिहा. पाणी ओसरलं की आठवणीत फूट आणि तारखा उरतात. गाडी कुठून वळली हे कुणाला सांगता येत नाही.

महिनाभर वही भरली की मग कॅमेरा काढा. ऊन पाठीशी घ्या आणि गाडीचं तोंड व दाराची बाजू दोन्ही दिसतील असं फुटपाथवर तिरकं उभं राहा. बोर्ड एलईडीचा असेल तर शटर फार वेगाचं नको, नाहीतर अक्षरं अर्धीच उमटतात. सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवून बघा. खिडकीतल्या माणसांचे चेहरे टिपू नका. वर्कशॉपमध्ये परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. चालक-वाहकांशी बोलायचं तर गाडी शेवटच्या थांब्यावर उभी असताना, त्यांचा चहा झाल्यावर. ‘मामा, ही गाडी कालपण याच रूटला होती का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

रात्री त्याच दिवशी सगळं पक्क्या वहीत उतरवा. एखादा आकडा नीट दिसला नसेल तर तिथं प्रश्नचिन्ह टाका, अंदाजानं भरू नका. गाडी परत येईल तेव्हा खोडून खरा आकडा लिहा.