‘डाँकी काँग लँड’ सेव्ह होत नाही? या चुका टाळा

‘डाँकी काँग लँड’ हा रेअर कंपनीने केलेला गेम १९९५ साली निन्टेंडोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. आजही त्याच्याबद्दल एकच तक्रार कानावर येते: गेम सेव्ह होत नाही. जुन्या बाजारातून किंवा घरच्या माळ्यावरून ही पिवळी कॅसेट हाती लागते, चार-पाच लेव्हल पार होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग ‘बॅटरी गेली’ म्हणून लोक थेट पुण्याच्या बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची तापकीर गल्ली गाठतात. एवढी घाई नको.

या गेममध्ये नुसती लेव्हल संपवून सेव्ह होत नाही. के, ओ, एन, जी ही चार अक्षरं लेव्हलमध्ये विखुरलेली असतात. चारही गोळा करून लेव्हल पार केली, तरच सेव्ह करायला मिळतं. तेव्हा आधी एकदा तसं करा, गेम बॉय बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. प्रगती पुसलेली असेल तर मात्र कॅसेटमधला नाण्याएवढा सेल संपला असं समजा.

सेल बदलताना त्यावर थेट सोल्डरिंग करू नका. उष्णतेने तो फुटू शकतो. धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेलच घ्या आणि प्लस-मायनस नीट बघून लावा. जुना सेल निघाला की आधीचं सेव्हही जातं, हे कॅसेट दुसऱ्याची असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा.

गेम सुरूच होत नसेल, सुरुवातीच्या निन्टेंडो लोगोच्या जागी काळी पट्टी येत असेल, तर कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडातली वाफ पिनांवर बसते, आणि पुण्याच्या पावसाळ्यात हवा आधीच दमट असते. कापसाच्या इअरबडवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. गेम बॉयमधले सेल गळून पांढरा थर आला असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायचं. खेळायचं नसेल तेव्हा चारही पेन्सिल सेल काढून ठेवा.

‘माकड दिसतच नाही’ ही तक्रार खरी आहे. १६० बाय १४४ पिक्सेलचा, चारच छटांचा पडदा, त्यात मागचं जंगल इतकं बारीक रेखाटलंय की खेळातलं माकड, म्हणजे डाँकी, त्यात मिसळून जातो. डाव्या कडेचं कॉन्ट्रास्टचं चाक फिरवून बघा. पडद्यामागे दिवा नसतो, त्यामुळे खिडकीजवळ किंवा ट्यूबलाइटखाली बसा.

आता अक्षरांचं. काही अक्षरं खड्ड्यावर टांगलेली असतात आणि साध्या उडीत हाती लागत नाहीत. कड्यावरून बी बटण दाबून गडगडत बाहेर पडा आणि हवेत असतानाच ए बटण दाबा. ही उडी हाताला बसली की सेव्हची अडचण बरीच कमी होते.