ब्लू-रे, एचडी डीव्हीडी आणि फोर-के: मुंबईच्या घरात डिस्क लावायच्या कशा, टिकवायच्या कशा

कपाटातल्या डिस्कच्या आधी त्या लावणारा प्लेअर संपतो. डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त स्पष्ट चित्राच्या दोन डिस्कपैकी एचडी डीव्हीडीवाल्यांना हे २००८ सालीच कळलं, ब्लू-रेवाल्यांना आता कळायला लागलंय. त्यामुळे घरात संग्रह असेल किंवा नव्यानं करायचा असेल, तर आधी प्लेअरचा विचार करा, डिस्कचा नंतर.

हातातली डिस्क नक्की कुठली?

लाल डबी एचडी डीव्हीडीची, निळी ब्लू-रेची, काळी फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रेची, म्हणजे ब्लू-रेच्या पुढच्या, आणखी बारकाव्याच्या प्रकाराची. डबी हरवली असेल तर डिस्कच्या छापील बाजूवरचा लोगो वाचा. नुसत्या डोळ्यांनी चमकत्या बाजूवरून ओळखायला जाल तर फसाल, कारण तिन्हींचा आकार तोच आहे: १२ सेंटिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी.

एचडी डीव्हीडी ब्लू-रे प्लेअरमध्ये चालत नाही. अपडेट टाकून ती चालेल, असं दुकानदार सांगत असेल तर तिथून निघा. दोन्हींत ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझरच आहे, पण एचडी डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, जुन्या डीव्हीडीसारखाच. ब्लू-रेत तो फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. तितक्या जवळून वाचायला लेन्स वेगळी लागते, आणि त्याच लेन्समुळे ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात. एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ जीबीच मावतात. फरक काचेचा आणि अंतराचा आहे, तो सॉफ्टवेअरनं भरून निघणार नाही.

या दोघींची लढाई फार काळ चालली नाही. अमेरिकेत एचडी डीव्हीडी एप्रिल २००६ मध्ये आली, ब्लू-रे त्याच वर्षी जूनमध्ये. नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ३ आलं आणि गेम खेळण्यासाठी घेतलेल्या यंत्रातून ब्लू-रे आपसूक घरात शिरली. ४ जानेवारी २००८ रोजी हॉलिवूडच्या वॉर्नर स्टुडिओनं यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं, आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीमागच्या तोशिबानं तिचा कारभार आवरत असल्याचं सांगितलं.

घरात एचडी डीव्हीडी असतील तर

परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या लाल डब्या काही घरांत अजून आहेत. आधी मागची बाजू पाहा. काही डिस्क दुहेरी असत: एका बाजूला एचडी डीव्हीडी, दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी. ती साधी बाजू आजच्या प्लेअरमध्ये चालू शकते, पण अमेरिकेची असेल तर रिजन १ ची असण्याचा संभव आहे (रिजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारी खूण). भारताचा रिजन ५, म्हणून मल्टी-रिजन प्लेअर लागेल.

एचडी बाजू वाचायची तर दोन वाटा आहेत. तोशिबाचा जुना प्लेअर मिळाला तर मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. अमेरिकेचं मॉडेल १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३० व्होल्ट. चांगल्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय पॉवर सप्लाय जळेल. दुसरी वाट कॉम्प्युटरची: एलजीचा जीजीसी-एच२०एल हा साटा (कॉम्प्युटरच्या आत जोडायचा) ड्राइव्ह ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी दोन्ही वाचतो, आणि एक्सबॉक्स ३६० साठी निघालेला यूएसबीचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह पीसीलाही जोडता येतो. अडचण पुढे येते. स्टुडिओच्या डिस्कवर एएसीएस या कॉपीविरोधी पद्धतीचं कुलूप असतं आणि आजच्या प्लेअर सॉफ्टवेअरमधून एचडी डीव्हीडीचा आधार गेला आहे. म्हणून स्टुडिओच्या चित्रपटासाठी एवढी खटपट करू नका, त्याची ब्लू-रे शोधा. घरगुती चित्रीकरण असलेली डिस्क मात्र कुलूपबंद नसते. तिच्यातल्या फायली आजच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. त्या काळातल्या कित्येक एचडी डीव्हीडींचे दोन भाग चिकटवलेल्या जागी सुटू लागलेत: आधी कडेला धुरकट डाग दिसतो, मग चित्र अडखळतं, आणि त्यावर काही इलाज नाही.

प्लेअर घेताना

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. आता प्लेअर ऑनलाइन मिळतो, नाहीतर लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर फिरावं लागतं. प्लेअर बनवणारी ओप्पो २०१८ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली, सॅमसंगनं २०१९ मध्ये नवे प्लेअर थांबवले. त्यामुळे जुना माल पाहण्याची वेळ येतेच. जाताना तीन डिस्क सोबत न्या: एक डीव्हीडी, एक ५० जीबीची ब्लू-रे, आणि फोर-के प्लेअर असेल तर १०० जीबीची फोर-के डिस्क.

नुसतं सुरुवातीचं दृश्य पाहून पैसे देऊ नका. ५० जीबीच्या डिस्कवर लेझर पहिला थर आतून बाहेर वाचतो आणि दुसरा बाहेरून आत. म्हणजे डिस्कची बाहेरची कड चित्रपटाच्या मधोमध येते. कुरकुरणारा प्लेअर तिथंच अडकतो. मधल्या चॅप्टरवर जा, दहा मिनिटं चालू द्या. डीव्हीडी नीट लागते पण ब्लू-रेला ‘नो डिस्क’ येतं, असं झालं तर निळा लेझर थकलाय किंवा लेन्सवर बुरशी आहे. लाल आणि निळा लेझर वेगळे असतात, त्यामुळे एक चालतो म्हणून दुसरा चालेलच असं नाही. ‘लेझरचा करंट वाढवून देतो’ असं कारागीर म्हणाला तर नको म्हणा. डीव्हीडीच्या काळात ही युक्ती काही महिने चालायची, निळा लेझर त्यानं लवकरच जातो.

रिजन आधी बघा. ब्लू-रेचे तीन रिजन आहेत. अमेरिका, जपान आणि आग्नेय आशिया ए मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, भारत आणि चीन सी मध्ये. मोठ्या स्टुडिओंच्या बऱ्याच डिस्क तिन्हींकडे चालतात. जुने अभिजात चित्रपट काढणाऱ्या छोट्या कंपन्या मात्र रिजन लावतात. क्रायटेरियन या कंपनीच्या अमेरिकेतल्या ब्लू-रे रिजन ए च्या असतात आणि भारतीय प्लेअरवर लागत नाहीत. डीव्हीडीचा रिजन रिमोटवरच्या कोडनं उघडायचा, ब्लू-रेचा बहुतेक प्लेअरांत तसा उघडत नाही, आत चिप बसवावी लागते. फोर-के डिस्कना रिजनच नाही, ही त्यांची सर्वांत मोठी सोय. पण त्याच डबीत सोबत येणारी साधी ब्लू-रे रिजनवाली असू शकते, आणि पडद्यामागचे माहितीपट अनेकदा तिच्यावरच असतात.

अमेरिकेहून प्लेअर आणवताना आणखी एक खोच आहे. तिकडचे बरेच प्लेअर पॅल (आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत) डीव्हीडी लावत नाहीत. मुंबईत केलेल्या लग्न-मुंजीच्या डीव्हीडी बहुधा पॅलमध्येच असतात, तेव्हा तसा प्लेअर घेऊन घरचीच डिस्क लागेना अशी गत होते.

गेम कन्सोल हा पर्याय चांगला आहे, फक्त मॉडेल नीट बघा. प्लेस्टेशन ४ आणि ४ प्रो फोर-के डिस्क लावत नाहीत. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांची डिस्क ड्राइव्ह असलेली मॉडेलं लावतात. सिरीज एस ला ड्राइव्हच नाही. फोर-के डिस्क पीसीवर पाहायचा बेत सोडून द्या. अधिकृत सॉफ्टवेअरला इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांतलं एसजीएक्स हे सुरक्षेचं तंत्र लागतं आणि इंटेलनं ११व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरांतून ते काढलं आहे.

फोर-के घ्यावं की साधी ब्लू-रे पुरे? हॉलमध्ये सोफ्यापासून टीव्ही आठ फुटांवर आणि टीव्ही ४३ इंची असेल तर वाढीव बारकावा डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. दिसतो तो एचडीआरचा (जास्त उजळ उजेड आणि जास्त गडद अंधार दाखवणारं चित्र) फरक, तोही टीव्हीत तेवढा उजेड असेल तर. ५५ इंचांपासून पुढे फोर-केवर खर्च करण्यात अर्थ आहे.

जोडणी आणि सेटिंग

नव्या प्लेअरचं चित्र फक्त एचडीएमआयमधूनच निघतं. फोर-केसाठी टीव्हीचा एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी व्यवस्था) असलेला पोर्ट आणि १८ जीबीपीएसची केबल लागते. अनेक टीव्हींत असे एक-दोनच पोर्ट असतात. टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचं ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ सुरू करावं लागतं. ते बंद राहिलं तर एचडीआर लागत नाही आणि लोक डिस्कला दोष देतात. मधेच दोन सेकंद काळा पडदा येत असेल तर आधी केबल बदलून बघा.

प्लेअरमध्ये २४पी (चित्रपटाचा मूळ, सेकंदाला २४ चित्रांचा वेग) सुरू ठेवा. ऑडिओ ‘बिटस्ट्रीम’वर, म्हणजे न उलगडता जसाच्या तसा पाठवण्यावर, ठेवा आणि दुय्यम ऑडिओ मिक्स करणारा पर्याय बंद करा, नाहीतर डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे डिस्कवरचे उच्च दर्जाचे आवाज मूळ रूपात स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरपर्यंत पोचत नाहीत. ऑप्टिकल केबलमधून किंवा साध्या एआरसीतून (टीव्हीतला आवाज एचडीएमआयमधूनच बाहेर पाठवणारी सोय) हे आवाज पूर्ण जातच नाहीत. टीव्हीमार्गे न्यायचे तर तिचा वाढीव प्रकार, ई-एआरसी, हवा. बीडी-लाइव्ह (डिस्कसाठी इंटरनेटवरून जादा मजकूर आणणारी सोय) बंद केलं की मेनू लवकर येतो.

फर्मवेअरचं, म्हणजे प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटचं, काम पुढे ढकलू नका. एएसीएसच्या किल्ल्या बदलत असतात, जुन्या फर्मवेअरवर नवी डिस्क अडून बसते. कंपनीनं या धंद्यातून अंग काढलं की तिची डाउनलोडची पानंही कधीतरी जातात. तुमच्या मॉडेलची शेवटची फाइल आताच एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा.

पावसाळा

मुंबईत जून ते सप्टेंबर हा डिस्कचा खरा शत्रू आहे. बुरशी आधी डबीतल्या छापील कागदावर येते, तिथून डिस्कवर. झाकण घट्ट बसणारा २० लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा आणि एक छोटं आर्द्रतामापक टाका. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका, त्यांची वाफ प्लास्टिकला बाधते. डिस्क उभ्या ठेवा. भिंतीला ओल असेल तर कपाट तिच्यापासून चार बोटं पुढे घ्या. तळमजल्यावर राहत असाल तर खालचा कप्पा रिकामा सोडा. २६ जुलै २००५ चं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना हे सांगायला नको. डिस्क भिजल्याच तर कागद बाजूला काढा, गाळ न घासता वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, उभ्या करून सावलीत वाळवा.

एसीच्या गार खोलीतला प्लेअर दमट खोलीत नेलात तर तासभर थांबून चालू करा, लेन्सवर दव धरतं. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास प्लेअर चालवला तर आतली ऊब बुरशीला रोखते.

पुसताना मायक्रोफायबर कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. बोटांचे ठसे असतील तर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो. थिनर, ॲसिटोन नको. ओरखडा घालवायला टूथपेस्ट किंवा दुकानातलं घासायचं मशीन ब्लू-रेवर वापरलं तर डिस्क कायमची जाते. डीव्हीडीवर घासायला ०.६ मिलिमीटर प्लास्टिक असतं, इथं जेमतेम ०.१ आणि त्यावरचं कठीण आवरण. ते आवरण गेलं की उरलं काहीच नाही. नवी १०० जीबीची डिस्क ठरावीक जागी अडकत असेल, तर एकदा पुसून बघा. पुन्हा तिथंच अडकली तर परतीची मुदत संपायच्या आत बदलून घ्या.

घरचं चित्रीकरण जपायचं तर

सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. माल अजून मिळतो, पण ज्यांना घरची चित्रणं डिस्कवर ठेवायची आहेत त्यांनी वाट पाहू नये. पाकिटावर ‘एलटीएच’ लिहिलेली बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी कोरी ब्लू-रे) घेऊ नका, तिच्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि तो लवकर फिका पडतो. अजैविक थराची, म्हणजे एचटीएल घ्या. २५ जीबीच्या डिस्कवर कॉम्प्युटर सुमारे २३.३ दाखवतो, ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे. २४ एमबीपीएसचं चित्रण तिच्यावर सव्वादोन तासांच्या आसपास मावतं. ४एक्स वेगानं बर्न करा आणि ‘व्हेरिफाय’ टाळू नका. नाव पाण्याच्या शाईच्या पेननं आतल्या पारदर्शक कड्यावर लिहा, स्टिकर लावू नका. प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती करा, शिवाय एक हार्ड डिस्कवर. दुसरी प्रत पुणे-नाशिककडच्या नातेवाइकांकडे ठेवा. कोकणातल्या घरी नको, तिथंही ओल आहेच.

आणि परवडत असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा प्लेअर आताच घेऊन ठेवा. खोक्यात सिलिका जेल टाका, पण माळ्यावर टाकून विसरू नका. दर दोन महिन्यांनी तासभर एखादी डिस्क लावून चालवा, नाहीतर कॅपॅसिटर आणि ट्रेचा रबरी पट्टा वापराविना जातात आणि लागेल त्या दिवशी ट्रे बाहेरच येत नाही. पट्टा सैल झालाच तर तेवढा भाग लॅमिंग्टन रोडवर आजही बदलून मिळू शकतो. जाताना जुना पट्टा मापासाठी सोबत न्या.