मिनिएचर सैन्य उभारताना या चुका टाळा

गेली अकरा वर्षे मी घोडबंदर रोडवरच्या घरी टेबलावर खेळायच्या काल्पनिक युद्धखेळांची सैन्ये, म्हणजे सुट्या भागांतून येणाऱ्या छोट्या मूर्ती (मिनिएचर), जोडतो आणि रंगवतो. ठाणे आणि नवी मुंबईतले नवे खेळाडू आपली पहिली पलटण दाखवायला येतात, तेव्हा त्याच चुका पुन्हा पाहून मन खट्टू होते, कारण हे बॉक्स स्वस्त नसतात आणि बिघडलेली मूर्ती बहुधा त्या मुलाची सर्वांत आवडती असते. यातल्या निम्म्या चुका आपल्या खाडीकाठच्या हवेमुळे होतात आणि उरलेल्या घाईमुळे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पावसाळ्यात स्प्रे कॅन हाती घेणे. एका जुलैत मी वीस सांगाडे-भालाइतांची तुकडी पूर्ण केली होती. तीन महिन्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या आणि शनिवारी नेरुळला मित्राकडे सामना ठरला होता. शुक्रवारी संध्याकाळी तासभर उघडीप मिळाली, म्हणून मी इमारतीच्या गच्चीवर जाऊन सगळ्यांवर मॅट वॉर्निश मारले. दहा मिनिटांत ढालींवरचा गडद लाल रंग भाकरीवर पीठ राहावे तसा पांढुरका दिसू लागला, आणि डोळ्यांच्या खोबण्यांत तर तो थर दाटूनच बसला. कॅनमधून बाहेर पडणारा वायू झपाट्याने उडून जातो, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा ओल्या थरातच अडकतो. जुलैत आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली, असे मुळीच नसते.

ती तुकडी मी टाकून दिली नाही. आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवून तिच्यावर ब्रशने ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात दिला, तेव्हा बहुतेक पांढरेपणा गेला. नंतर ब्रशनेच मॅट वॉर्निश लावले. तरीही दोन सांगाड्यांचे चेहरे मला पुन्हा रंगवावे लागले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझे स्प्रे कॅन कपाटाबाहेर येत नाहीत. त्या महिन्यांत मी ब्रशने लावायचा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) वापरतो, दोन पातळ हात देतो आणि मध्ये पूर्ण एक दिवस जाऊ देतो. वर्षभराच्या मूर्तींचे स्प्रे प्रायमिंग मी दिवाळी ते होळी या काळात दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान उरकून घेतो. भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक टांगलेला आहे आणि त्याचा काटा ६५ च्या वर असला, तर त्या दिवशी फवारणी नाही. एप्रिल-मेच्या उन्हात उलटा त्रास होतो. कॅन फार लांब धरला तर रंग हवेतच सुकतो आणि मूर्तीवर रवाळ भुकटी बसते. म्हणून कॅन दोन मिनिटे नीट हलवावा, २० ते २५ सेंटीमीटरवर धरावा, प्रत्येक फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा आणि आधी स्प्रूच्या (मूर्तीचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्या) तुकड्यावर चाचणी घ्यावी.

रेझिनच्या मूर्ती न धुता त्यांना प्रायमर लावू नये. साच्यातून सुटण्यासाठी वापरलेला तेलकट थर त्यांच्यावर राहतो आणि रंग सालपटासारखा निघतो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश एवढे पुरते. प्लास्टिक सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते, पण रेझिनवर आणि धातूवर ते चालत नाही, तिथे सुपरग्लूच हवा. मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची उठलेली रेघ, चाकूच्या पाठीने खरवडा. ती राहिली, तर वॉश (खाचांत सावली आणणारा पातळ गडद रंग) तिथेच साचतो आणि गालावर व्रण असल्यासारखे दिसते. बेस, म्हणजे मूर्तीखालची बैठक, चिकटवण्यापूर्वी कोणता खेळ खेळणार ते ठरवा, कारण २०१५ मध्ये आलेल्या 'एज ऑफ सिग्मार'ला गोल बेस लागतात आणि २०२४ मध्ये आलेल्या 'द ओल्ड वर्ल्ड'ला प्रामुख्याने चौकोनी.

बाटलीतला रंग थेट मूर्तीवर लावणे ही मला सर्वांत जास्त खटकणारी सवय आहे. २८ मिलिमीटरच्या सैनिकाचे तोंड मसुराच्या दाण्याएवढे असते, त्यावर जाड थर बसला की नाक, ओठ आणि पापण्या बुजून जातात. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांचे चेहरे आठवा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. रंगात थोडे पाणी घालावे, पहिला हात अर्धपारदर्शक दिसला तरी घाबरू नये आणि तो पूर्ण सुकल्यावरच दुसरा द्यावा. मी हवाबंद डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवून वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पाटी, करतो. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते, म्हणून स्पंजखाली तांब्याच्या तारेचा तुकडा ठेवतो आणि पाणी दर तीन दिवसांनी बदलतो. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी आणि कसलेल्या हाताने होते. मी मात्र डोळे आधी करतो, कारण रेघ चुकली तर भोवतीच्या त्वचेच्या रंगाने ती झाकता येते.

ऐरोलीचा एक महाविद्यालयीन मुलगा पहिल्याच महिन्यात ड्रॅगन घेऊन बसला. पंखांसकट सगळा जोडून टाकल्यामुळे छातीपर्यंत ब्रश पोहोचेना. त्याने वैतागून त्यावरचा रंग काढायला ॲसिटोन वापरले आणि प्लास्टिकच मऊ होऊन वेडेवाकडे झाले. ॲक्रिलिक रंग काढायला मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, तेही आधी सुट्या तुकड्यावर तपासून. पण खरी चूक त्याच्या आधीची होती. पहिले पाच साधे शिपाई रंगवा, मग पुढचे पाच, आणि सेनापती व राक्षस शेवटी घ्या, तोवर हात बसलेला असतो. चाळीस मूर्ती एकदम जोडून ठेवू नका, त्यांची राखाडी रांग पाहून रंगवण्याची इच्छाच मरते. 'एका हातात सगळे होते' अशा, खाचांत आपोआप गडद होणाऱ्या पातळ रंगांवर मोठी पलटण लवकर उभी राहते, हे मला मान्य आहे. पण सपाट ढालीवर त्यांचे डाग पडतात, आणि त्यांच्यावरच शिकलेल्या मुलाला कडा उजळवायला जमत नाही.

वॉर्निश लावल्यावर मूर्ती लगेच डब्यात भरू नयेत. एक दिवस मोकळ्या ठेवाव्यात, नाहीतर फोमचा छाप उमटतो. मी प्रत्येक बेसखाली छोटे चुंबक बसवतो आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सैन्य उभे करून नेतो. स्टीलचा डबा घ्यायचा असेल, तर आधी चुंबक लावून पाहा, कारण पुष्कळ स्टेनलेस स्टीलला तो धरत नाही. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत मी हा डबा छातीशी धरून उभा राहतो आणि आजवर माझा एकही भाला मोडलेला नाही.