दुर्गम भागातलं आपत्कालीन शस्त्रोपचाराचं प्रशिक्षण: या चुका टाळा

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे गडचिरोलीत कुणाला नवीन नाही. जागतिक शस्त्रक्रियेवरच्या लॅन्सेट आयोगानं 2015 साली एक निकष मांडला: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि उघड्या फ्रॅक्चरचा उपचार, ही तिन्ही कामं जिथं होतात तिथं माणसाला 2 तासांत पोहोचता यावं. भर पावसाळ्यात आमच्याकडे 2 तासांत कधी कधी फक्त नदीचा काठ येतो. तोवर पेशंट सांभाळतात ते उपकेंद्रातली सिस्टर, सीएचओ (सामुदायिक आरोग्य अधिकारी) किंवा पीएचसीतला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातला, एमओ (डॉक्टर). त्यांना आपण काय शिकवतो आणि कसं, हा प्रश्न आहे. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

हॉलमध्ये शिकवणं

जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस, प्रोजेक्टर, जेवण, सर्टिफिकेट. परीक्षेत सगळ्यांना चांगले मार्क. नंतर एका उपकेंद्रात गेलो तर अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची, मास्क लावलेली पिशवी) कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली रजेवर गेलेल्या सिस्टरच्या पर्समध्ये. तेव्हापासून प्रशिक्षण त्यांच्याच लेबर रूममध्ये, त्यांच्याच ट्रेवर घेतो. एकदा तरी लाइट घालवून, टॉर्चवर सराव करून बघा. काय सापडत नाही ते लगेच कळतं.

अंबू बॅगचंच घ्या. आम्ही चाळीस मिनिटं बोलायचो आणि प्रत्येकीच्या वाट्याला पुतळ्यावर चार-पाच दाब यायचे. प्रमाण उलटं हवं. न रडलेल्या बाळासाठी पहिलं मिनिट मोलाचं. त्या घाईत हात मास्क खाली दाबतो, मान खाली दुमडते आणि हवा जातच नाही. मास्क दाबायचा नसतो, हनुवटी उचलून मास्कला भिडवायची असते. मान किंचित मागे, हुंगल्यासारखी. छाती वर येत नसेल तर आधी मास्क नीट बसवा, मग मान, मग तोंडातला चिकटा. जास्त जोरानं दाबणं सगळ्यात शेवटी. परीक्षकानं एकच बघावं: छाती वर आली का?

रक्त डोळ्यांनी मोजणं

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव सगळेच कमी सांगतात, मीही. पाण्यात रंग कालवा, मोजून 250, 500, 1000 मिली पॅडवर आणि चादरीवर ओता आणि किती गेलं ते विचारा. हा खेळ तासभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त लक्षात राहतो. सोबत दोन गोष्टी तपासा. ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं इंजेक्शन) फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत आहे, की लेबर रूमच्या खिडकीत? आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड, हे रक्तस्राव कमी करणारं औषध, स्राव सुरू झाल्यापासून 3 तासांच्या आत, 1 ग्रॅम, शिरेतून सावकाश 10 मिनिटांत द्यायचं, हे ट्रेवर लिहून चिकटवलंय का?

सुबक टाके

ही माझी सगळ्यात मोठी चूक. फोमवर, बकऱ्याच्या पायावर आम्ही टाके शिकवले आणि मुलं खरंच देखणे टाके घालायला लागली. मोहाच्या हंगामात एकाला अस्वलानं दंडावर फाडलं. जखम ओळीनं, घट्ट शिवलेली होती. चौथ्या दिवशी टाके कापले तर आत पू आणि पानांचा चुरा. शिवणाऱ्याचा दोष नव्हता, आम्ही शिवायला शिकवलं होतं, धुवायला नाही.

हातापायावरची चावलेली, मातीनं भरलेली किंवा उशिरा आलेली जखम लगेच शिवायची नाही. आधी बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, नाडी लागते का, हे भूल देण्यापूर्वीच बघून लिहून ठेवा. एकदा भूल दिली की स्पर्शाचं खरं उत्तर मिळत नाही. मग साबण आणि वाहतं पाणी, 15 मिनिटं, घड्याळ लावून. मेलेली कातडी, काटक्या, कपड्याचे धागे काढा. ओली गॉज सैल भरा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. जंगली प्राणी असेल तर रेबीजची लस आणि जखमेत रेबीजविरोधी सीरमही. चौथ्या-पाचव्या दिवशी जखम लाल, स्वच्छ दिसली तर शिवा. मूल्यमापनात आता मी टाके मोजत नाही, बादलीत किती पाणी गेलं ते विचारतो.

ऑटोक्लेव्हच्या टेपवर विश्वास

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेनं सामान निर्जंतुक करायचं यंत्र. पाकिटावरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे सामान निर्जंतुक झालं, असं नाही. रेघांवरून एवढंच कळतं की पाकीट तापलं. सामानाचा ड्रम ठासून भरला किंवा त्याची बाजूची छिद्रं बंद राहिली तर वाफ आत जातच नाही. आत ठेवताना छिद्रं उघडी, बाहेर काढताच बंद. गुंडाळलेल्या सामानाला 15 पौंड दाब, 121 अंश, 30 मिनिटं, आणि घड्याळ दाब पूर्ण आल्यावर सुरू करायचं. हे शिकवायचं कुणाला? ड्रम जो भरतो त्या शिपायाला. यादीत त्याचं नाव कधीच नसतं.

‘पुढील उपचारासाठी रेफर’

चिठ्ठीवर एवढंच असतं. कधी काय झालं, काय दिलं, किती वाजता, रक्तदाब आणि नाडी काय, यातलं काही नाही. रक्त थांबवायला हातापायावर पट्टा आवळला असेल तर त्याची वेळ पट्ट्यावरच मार्करनं लिहायला शिकवा, चिठ्ठी वाटेत भिजते. शिरेत सुया गाडीत बसवण्यापूर्वी लावा, जाड, शक्यतो दोन. फोन गाडी निघण्याआधी करा. रेंज नसेल तर कुठल्या वळणावर ती मिळते हे चालकाला पक्कं माहीत असतं. म्हणून हल्ली आम्ही त्यालाही सरावात बसवतो. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, “सर, सलाइनची बाटली धरायची कुणी? मागे तर हुक नाही.” चार वर्षं त्या गाडीतून पेशंट पाठवत होतो, मला माहीत नव्हतं.