एनए प्लॉट घेताना वीज, पाणी आणि विकासखर्चाचा हिशेब

पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर एनए, म्हणजे अकृषिक (बिगरशेती) प्लॉट पाहायला गेल्यावर चौरस फुटाचा दर लगेच सांगितला जातो. त्या दरात वीज, पाणी, गटार आणि रस्त्याचा खर्च कितपत धरला आहे, हे मात्र आपल्यालाच खोदून विचारावे लागते. एका गुंठ्यात 1,089 चौरस फूट असतात, म्हणजे दोन गुंठ्यांवर चौरस फुटामागे 150 रुपये ‘डेव्हलपमेंट चार्जेस’ लावले, तर रक्कम 3,26,700 रुपयांवर जाते.

या ‘डेव्हलपमेंट’ शब्दाखाली दोन निरनिराळे खर्च येतात. एक, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार नियोजन प्राधिकरणाकडे भरायचे विकास शुल्क. त्याची सरकारी पावती मिळते, आणि लेआउटच्या (जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या आराखड्याच्या) मंजुरीवेळी जमिनीचे शुल्क विक्रेत्याने भरलेले असले तरी बांधकामाचे शुल्क घराची परवानगी घेताना वेगळे भरावे लागते. दुसरा खर्च विक्रेता रस्ते, गटारे आणि खांबांसाठी घेतो. त्याचे मोजमाप करारात लिहून घेतले तरच हक्काने मागता येते. जीएसटी मागितला गेला, तर तो नेमका कशावर आहे हे विचारावे, कारण 2022 च्या केंद्रीय परिपत्रकानुसार विकसित करून विकलेल्या जमिनीच्या विक्रीवर तो लागत नाही. विकासाच्या कामाची सेवा म्हणून वेगळी आकारणी असेल, तर त्या सेवेवर लागतो.

सर्वांत जास्त फसगत विजेच्या बाबतीत होते. माझ्या मावसभावाच्या प्लॉटसमोर सिमेंटचे खांब ओळीने उभे होते, पण त्यांवर तारा नव्हत्या, आणि सर्वांत जवळची डीपी, म्हणजे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), पलीकडच्या शेतात विहिरींच्या मोटारींसाठी बसवलेली होती. शेवटी प्लॉटधारकांनी वर्गणी काढून स्वतंत्र रोहित्र बसवून घेतले. म्हणून खांब पाहून समाधान न मानता, लेआउटसाठीच्या वीजकामाचे अंदाजपत्रक मंजूर झाले आहे का, रोहित्र किती केव्हीए क्षमतेचे आहे आणि काम पूर्ण होऊन ताब्यात दिले आहे का, हे महावितरणच्या स्थानिक शाखा कार्यालयात जाऊन विचारावे. परवानाधारक ठेकेदाराकडून काम स्वखर्चाने करून घेतल्यास महावितरणला 1.3 टक्के पर्यवेक्षण शुल्क भरावे लागते. ग्रामीण भागात नव्या जोडणीसाठी केंद्राच्या नियमांत 2024 पासून 15 दिवसांची मुदत आहे. पण वाहिनी वाढवावी लागणार असेल, तर या मुदतीवर विसंबू नये.

पाण्यासाठी ‘बोअर आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. बोअर कोणाच्या नावावरील प्लॉटमध्ये आहे आणि त्याचे वीजबिल कोण भरते, हे पाहावे. ग्रामपंचायतीची जलवाहिनी असल्यास उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, शेजारच्या घरी जाऊन नळाला कितव्या दिवशी पाणी येते ते विचारावे. ड्रेनेज लाइन नसेल, तर सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा यांची जागा प्लॉटच्या नकाशावर आधीच आखून पाहावी, कारण छोट्या प्लॉटवर घराचा नकाशाच त्यामुळे बदलतो.

कागदपत्रांत अंतिम मंजूर लेआउट, अकृषिक आदेश आणि कमी-जास्त पत्रकानंतर (मोजणीनुसार क्षेत्राच्या विभागणीची नोंद करणाऱ्या सरकारी पत्रकानंतर) उघडलेला प्लॉटचा स्वतंत्र सातबारा मागावा. सातबाऱ्यावरील क्षेत्र हेच आपले क्षेत्र. ‘रस्त्यासह दोन गुंठे’ असे सांगितले जात असेल, तर दर प्रत्यक्ष क्षेत्रावर पुन्हा काढावा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील प्लॉटिंग असेल, तर महारेरा या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक तपासून, नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नये. कायद्यानुसार विक्रेत्याला ती घेताही येत नाही.

करारात रोहित्राची क्षमता, रस्त्याची रुंदी, गटाराचा प्रकार आणि प्रत्येक कामाची तारीख स्वतंत्रपणे लिहून घ्यावी, आणि विकासखर्चाचा शेवटचा हप्ता वीजमीटर लागून नळाला पाणी आल्यावरच देय राहील, असे कलम टाकून घ्यावे.