परदेशी ऑर्डर थांबली आणि काम गेलं, तर हक्काचे पैसे कसे मिळवायचे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) टाइम ऑफिसला मी निवृत्तीपर्यंत मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, आणि पगारपत्रकं सांभाळली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हापासून ओळखीची पोरं कागद घेऊन घरी येतात. प्रश्न ठरलेला असतो : "काका, एक्स्पोर्ट थांबल्यामुळं काम गेलं, त्याची काय सरकारी योजना हाय काय?"

व्यापारामुळं काम गेलेल्यांसाठी अशी वेगळी योजना आपल्याकडे नाही. अमेरिकेत आहे. तिथं १९७४ च्या व्यापार कायद्याखाली, परदेशी मालामुळं काम गेल्याचं सिद्ध केलं की भत्ता आणि प्रशिक्षण मिळायचं. जुलै २०२२ पासून तिथंही नव्या कामगारांना मंजुरी बंद झाली. आपल्याकडे ऑर्डर का गेली हे कुणी विचारत नाही. नोकरी कशी संपली आणि कागदावर ती काय म्हणून लागली, यावरच सगळं ठरतं.

म्हणून सगळ्यात आधी सही सांभाळा. फेटलिंगमधला (ओतलेला माल घासून साफ करतात त्या खात्यातला) एकजण मागं आला होता. त्याच्या हातात टाइप केलेला अर्ज होता, "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे". खाली नाव घालून तयार, फक्त सही बाकी. त्याची नोकरी आठ वर्षं सात महिने, रोज ६०० रुपये. कामगार कपात म्हणून मालकानं काढलं तर भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, आणि वरचे सहा महिन्यांहून जास्त असले की तेही वर्ष धरतात. म्हणजे नऊ वर्षं, १३५ दिवस, ८१,००० रुपये. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. नव्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी १५ दिवसांचा पगार कौशल्य निधीतून ४५ दिवसांत खात्यावर जमा करायची तरतूद आहे. त्या अर्जावर सही झाली असती, तर यातलं काहीच त्याला मागता आलं नसतं. ग्रॅच्युइटी तेवढी राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं भरली असली तर.

"सही कर, हिशोब लगेच करतो" असं म्हणाले, तरी कागद घरी आणा. मालकाशी भांडू नका, शांतपणे सांगा की कपातीचं पत्र द्या. तोंडी काढलं आणि गेटवर अडवलं, तर त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

काढलेलं नाही, नुसतं बसवून ठेवलंय? त्याला ले-ऑफ म्हणतात. ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर सलग नोकरी झाली असेल (१२ महिन्यांत २४० दिवस भरले तरी चालतं) आणि मस्टरवर नाव असेल, तर बसवलेल्या दिवसांचे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे मिळतात. मात्र मस्टरवर ते दिवस ले-ऑफ म्हणूनच लागले पाहिजेत, गैरहजर म्हणून नव्हे. पगाराची स्लिप दर महिन्याला बघा, सहा महिन्यांनी बघून उपयोग नाही.

आता ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांची वर्गणी कापली जाते आणि बहुतेकांना वाटतं ती दवाखान्यापुरतीच. तसं नाही. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच मिळते. ही सरासरी रोजाला ६०० निघाली तर २७,००० रुपये. अट अशी : काम सुटण्याआधी दोन वर्षं ईएसआय लागू असलेली नोकरी, लगेच आधीच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात तेवढीच. वर्गणीचे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोव्हेंबरात काढलं तर एप्रिल-सप्टेंबर बघतात.

इथं नीट लक्ष द्या. मंदीत आठवड्याला तीनच दिवस काम दिलं, तर २६ आठवड्यांत बरोबर ७८ दिवस होतात. एक खाडा पडला की अट मोडली. ज्यांचे दिवस कमी केलेत त्यांनी हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

काम सुटून ३० दिवस झाले की अर्ज करता येतो. तो मालकामार्फत पाठवावा लागत नाही. योजनेची मुदत सरकार वाढवत आलंय, त्यामुळं चालू आहे ना हे ईएसआयच्या शाखेत विचारा.

कारखानाच बंद पडला किंवा रीतसर कपात झाली, तर ईएसआयचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा. किमान दोन वर्षं वर्गणी असेल तर पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के, आणि तेवढा काळ घरच्यांसह उपचार. ही रक्कम मोठी आहे, म्हणून पात्र असाल तर आधी हीच मागा. ही आणि अटल योजना, दोन्ही एकाच काळासाठी मिळत नाहीत. राजीनामा देणाऱ्याला ही योजना बंद.

कंत्राटी पोरांची अडचण वेगळी. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडं गेलं की नवा ईएसआय नंबर काढतात, आणि वर्गणी दोन नंबरांत वाटली जाते. संगणकाला दोन वर्षं दिसतच नाहीत. नंबर माणसाचा असतो, ठेकेदाराचा नव्हे. दोन्ही नंबर आणि आधार घेऊन ईएसआयच्या शाखेत जा आणि ते जोडून द्या असा लेखी अर्ज द्या. हे काम नोकरी असतानाच करून घ्या. ठेकेदार निघून गेल्यावर त्याच्याकडचे कागद मिळणं कठीण होतं.

शाखेत जाताना आधार, बँक पासबुक, कपातीचं पत्र, दोन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा आणि आधारला जोडलेला मोबाईल चालू ठेवून न्या. ओटीपी त्यावरच येतो.