तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीचा अर्ज कसा भरावा

तृतीयपंथी व्यक्तीची उमेदवारी मतपेटीत पडण्याआधी छाननीच्या टेबलावर पडण्याची भीती अधिक असते. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथील अंजली पाटील यांचा अर्ज ३१ डिसेंबर २०२० रोजी असाच बाद झाला. प्रभाग महिलांसाठी राखीव होता, अर्जात त्यांनी ‘स्त्री’ असे नमूद केले होते आणि त्या तृतीयपंथी असल्याचे कारण देऊन अर्ज नाकारण्यात आला. माघारीची मुदत ४ जानेवारीपर्यंत आणि मतदान १५ जानेवारीला असल्याने हाताशी जेमतेम चार दिवस होते. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली, २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला आणि पुढे त्या निवडूनही आल्या. ज्याला अशी धावपळ टाळायची आहे, त्याने तयारी निवडणूक जाहीर होण्याच्या किमान सहा महिने आधी सुरू करावी.

पहिले काम मतदार यादीचे. ग्रामपंचायतीसाठी विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेला गोठवून प्रभागनिहाय फोडली जाते; त्या तारखेनंतर नमुना ८ भरून केलेली दुरुस्ती त्या निवडणुकीपुरती उपयोगाची राहत नाही. यादीत लिंगाच्या रकान्यात पुरुष, स्त्री की तृतीयपंथी यांपैकी काय छापले आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ‘आपले नाव आहे ना, मग झाले’ म्हणून उठणारे उमेदवार पुष्कळ असतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

नावाचा गुंता त्याहून मोठा. शाळेच्या दाखल्यावर जन्मनाव आणि वडिलांचे नाव असते, समाजात मात्र गुरूच्या नावाने ओळख असते. अंजली पाटील यांची याचिकाही ‘अंजली गुरू संजना जान’ याच नावाने दाखल झाली होती. दोन कागदांवर दोन माणसे दिसू लागली की विरोधकाला हरकत घेण्यासाठी आणखी काही शोधावे लागत नाही. म्हणून राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा आणि तीच अक्षरे, तोच काना आणि तीच वेलांटी आधार, मतदार ओळखपत्र व बँकेच्या पासबुकात उतरवावी. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याखालील जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र याच संचात जोडावे. जातीच्या प्रवर्गासाठी राखीव जागेवर लढायचे असेल तर जातपडताळणीचाही विचार लवकर करावा, कारण घर सोडून आलेल्या व्यक्तीला वडिलांकडचे जुने दाखले मागायला पुन्हा त्याच उंबरठ्यावर जावे लागते, आणि त्याला कागदापेक्षा मनाची तयारी जास्त लागते.

आता लिंगाचा रकाना. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि भादलीच्या निकालाचा आधारही तोच होता. मात्र खंडपीठाने एक गोष्ट नोंदवून घेतली, ती विसरू नये: यापुढे आयुष्यभर आपण स्त्री म्हणूनच राहू, संधी पाहून पुरुष ओळखीकडे वळणार नाही, असे निवेदन अर्जदाराने केले होते, भविष्यात तृतीयपंथीयांसाठी आरक्षण आल्यास तेवढा अपवाद. तेव्हा महिला राखीव जागा सोयीची दिसते म्हणून तो रकाना भरू नये. जे रोजचे जगणे आहे, तेच लिहावे. सर्वसाधारण खुल्या जागेवर हा प्रश्नच फारसा उद्भवत नाही.

छाननीला घोळका घेऊन जाऊ नये. कागद समजणारा एक माणूस सोबत पुरे. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळ्या फायलीत ठेवावेत, भादलीच्या निकालाची प्रत वर असावी. अर्ज फेटाळला तर वाद न घालता कारणांसह लेखी आदेशाची प्रत त्याच दिवशी मागावी. निवडणूक सुरू असताना न्यायालये सहसा हात घालत नाहीत आणि निकालानंतरच्या निवडणूक याचिकेकडे बोट दाखवतात, त्यामुळे एक संध्याकाळ वाया गेली तरी प्रकरण हातचे जाते.

प्रचाराबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे लेवा बोलीत आणि अमळनेर-पारोळ्याकडे अहिराणीत बोलावे, टाळीची ओळख पुसण्याचा अट्टहास धरू नये, आणि गटार, पाणी, स्मशानभूमीचा रस्ता यांवरच बोलावे. गावाला कुतूहल दोन दिवस असते, नंतर लोक नळाचेच विचारतात. रावेर विधानसभेसाठी २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीने तृतीयपंथी शमिभा पाटील यांना उमेदवारी जाहीर केली होती, त्यामुळे या पट्ट्यात असा उमेदवार अगदी अनोळखी राहिलेला नाही.

निकाल कोणताही लागो, तीस दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करावाच लागतो. तो चुकवल्यास राज्य निवडणूक आयोग पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. चहाच्या टपरीची चिठ्ठी आणि रिक्षावर भोंगा लावल्याची पावती तारखेसह एकाच वहीत डकवलेली असावी.